डोमेनच्या बिलाला गुळाच्या पट्टीचा नियम लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या संकेतस्थळांचे पत्ते ‘बँक डॉट इन’ने संपणारे करून घ्यावे लागले. कोल्हापुरात नागरी सहकारी बँका पुष्कळ असल्याने पत्ता बदलल्याचा संदेश इथल्या बहुतेक खातेदारांना येऊन गेला असेल. आमच्याही बँकेचा आला आणि त्यानंतर काही दिवस आमच्या दुकानात येऊन बसणाऱ्या व्यापारी मंडळींत डोमेन नावांवरून, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांवरून, चांगलाच वाद झाला. एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, बँकांना शिस्त लावता येते तर सगळीच नावे सरकारने ताब्यात घ्यावीत आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या प्रत्येकाला एक नाव फुकट द्यावे. दुसऱ्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. नाव हा माल आहे, ज्याला परवडेल तो घेईल, ज्याला परवडणार नाही तो दुसरे घेईल, यात कोणी मध्ये पडण्याचे कारणच नाही. मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. त्या का पटत नाहीत हे सांगण्याआधी, मी या विषयावर कोणत्या अधिकाराने लिहिते आहे ते सांगितले पाहिजे.

सुभाषनगरात आमचा कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे. कारखाना सासरे आणि दीर पाहतात. हिशेब, बिले आणि ऑनलाइन ऑर्डरी माझ्याकडे असतात. २०१५ साली आम्ही पहिली वेबसाइट केली. संगणकाची कामे करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने ती बनवून दिली, पहिल्या वर्षाला १९९ रुपये घेऊन नाव मिळवून दिले, आणि नोंदणीच्या अर्जात ई-मेल स्वतःचा, मोबाइल स्वतःचा आणि नोंदणीदाराच्या रकान्यात नावही स्वतःचेच घातले. यात त्याचा वाईट हेतू होता असे मी आजही म्हणणार नाही, कारण तेव्हा आमच्याकडे धड चालणारा ई-मेलही नव्हता. सासऱ्यांना ते नाव इतके आवडले की त्यांनी त्याचा पितळी ठसा करून घेतला. चपलेत टाच जिथे टेकते तिथे हा ठसा तापवून दाबायचा, म्हणजे कातड्यावर अक्षरे गडद तपकिरी उमटतात आणि वरचे पट्टे झिजले तरी ती वाचता येतात. सहा वर्षे आमच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जोडावर तो पत्ता बसला.

२०२१च्या पावसाळ्यात नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारले, “तुमच्या साइटवर या भलत्याच जाहिराती कसल्या?” आम्ही उघडून पाहिले तर नावाची मुदत संपलेली होती. नियमाप्रमाणे नाव विकणाऱ्या कंपनीला मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना पाठवाव्या लागतात. त्या गेल्याही असतील. पण ज्या ई-मेलवर त्या जायच्या, तो त्या माणसाने कोल्हापूर सोडल्यावर बंद केला होता. कंपनीला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, तुम्ही कोण? पैसे आम्ही भरत होतो, पण पावत्यांवर नाव त्याचे होते. पुढे ते नाव ‘सोडवून घेण्याच्या’ मुदतीत गेले, आणि त्यासाठी वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट, आठ हजारांवर रक्कम सांगण्यात आली. ती भरायलाही आम्ही तयार होतो, पण खात्री करून घेणारा ओटीपी पुन्हा त्याच बंद ई-मेलवर जात होता. त्या माणसाचा शोध लागेपर्यंत दिवस संपले आणि नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतले. त्याने नंतर आमच्याकडेच किंमत मागितली. आम्ही ती दिली नाही. ‘डॉट इन’चे नवे नाव स्वतःच्या नावावर घेतले. मात्र आजही कोणी आमची जुनी चप्पल पाहून टाचेखालचा पत्ता टाकला तर परक्याचे पान उघडते, आणि ही गोष्ट सासऱ्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

या अनुभवानंतर मी हा विषय जमेल तसा वाचून काढला. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, आपण ‘नाव विकत घेतले’ असे म्हणतो ते मुळातच चुकीचे आहे. डोमेन नाव कोणालाही कायमचे विकत मिळत नाही. ते महापालिकेच्या गाळ्यासारखे भाडेपट्ट्याने मिळते, ‘डॉट कॉम’सारख्या नावांचा पट्टा एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो, आणि भाडे चुकले की गाळ्याला दुसऱ्याचे कुलूप लागते. गाळेधारकाला निदान आपला मालक कोण हे माहीत असते. इथे आपण ज्या कंपनीला पैसे देतो ती केवळ किरकोळ विक्रेती असते. तिच्यामागे ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ अशा एकेका शेवटाच्या सगळ्या नावांची मूळ वही सांभाळणारी घाऊक संस्था असते, जिला रजिस्ट्री म्हणतात. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेतील व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ यांसारख्या सार्वत्रिक नावांसाठी या सगळ्यांवर १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही संस्था आहे. कोल्हापुरात बसून आपण भरलेल्या हजार-बाराशे रुपयांचे असे तीन ठिकाणी वाटे होतात, पण बिलावर एकच आकडा आणि त्याखाली १८ टक्के जीएसटी एवढेच दिसते.

आता फुकट नावांबद्दल. ही कल्पना नवी नाही, ती प्रत्यक्षात होऊन गेली आहे. १९९५ पर्यंत ‘डॉट कॉम’ची नोंदणी विनामूल्य होती, कारण तिचा खर्च अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान उचलत होते. सप्टेंबर १९९५ मध्ये नोंदणीचे काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीला शुल्क घेण्याची मुभा मिळाली आणि दोन वर्षांना १०० डॉलर असा दर ठरला, त्यातले ३० टक्के एका वेगळ्या निधीत जात. लोक न्यायालयात गेले. शुल्क का, असा त्यांचा एकच प्रश्न नव्हता. लोकप्रतिनिधींनी मंजूर न केलेला हा कर तुम्ही कोणत्या अधिकाराने घेता, हा त्यांचा खरा आक्षेप होता, आणि १९९८ मध्ये न्यायालयाने त्या ३० टक्क्यांपुरता तो मान्यही केला. पुढे अमेरिकन संसदेने त्या वसुलीला मागाहून मंजुरी दिली, पण प्रश्न किती नेमका होता हे त्यावरून कळते. शुल्क असण्यापेक्षा, ते कोण ठरवतो आणि ज्याच्याकडून घेतो त्याला तो उत्तर देतो की नाही, हेच महत्त्वाचे.

शुल्क अजिबात नसले तर काय होते याचाही पुरावा आहे. काही वर्षांपूर्वी असा नियम होता की नाव घेतल्यावर पाच दिवसांत परत केले तर पूर्ण पैसे मिळत. त्याचा फायदा घेऊन काही जण लाखो नावे उचलत, त्यांवर जाहिराती लावून पाहत आणि पाचव्या दिवसाच्या आत परत करत. अशा परतींवर आयकॅनने २००८-०९ मध्ये शुल्क लावले आणि हा प्रकार जवळपास बंदच पडला. म्हणून आमच्या ज्येष्ठ मित्रांना माझे सांगणे आहे की, उद्या सरकारने नावे फुकट वाटली तर चप्पल लाईनीतल्या प्रत्येक दुकानाचे नाव दुकानदाराच्या आधी एखादा साठेबाज घेऊन बसेल. माफक भाडे ही खऱ्या गरजवंताचीच राखण आहे.

पण ‘बाजारावर सोडा’ म्हणणाऱ्यांनाही मला विचारायचे आहे की, हा बाजार आहे तरी कुठे? नाव घेण्याच्या दिवशी नक्कीच आहे. शंभर विक्रेते आहेत, हजार शेवट आहेत, सवलती आहेत. नाव एकदा ठशावर, खोक्यावर, पावतीपुस्तकावर आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसले की आपण बांधलेले असतो. किरकोळ विक्रेता बदलता येतो, रजिस्ट्री बदलता येत नाही. ‘डॉट कॉम’चा घाऊक दर २०१२ पासून ७.८५ डॉलरवर गोठवलेला होता. २०१८ मध्ये अमेरिकन सरकारच्या वाणिज्य खात्याने व्हेरिसाइनबरोबरचा करार बदलून, प्रत्येक सहा वर्षांपैकी शेवटच्या चार वर्षांत वर्षाला सात टक्क्यांपर्यंत वाढीची वाट मोकळी केली. २०२१ ते २०२४ या चारही वर्षी वाढ झाली आणि दर १०.२६ डॉलरवर गेला, म्हणजे तीस टक्क्यांहून थोडी अधिक वाढ. ‘डॉट कॉम’ची नावे पंधरा कोटींहून अधिक आहेत, घाऊक दरातला एक डॉलर म्हणजे वर्षाला पंधरा कोटी डॉलर. दर वाढण्याइतका वही सांभाळण्याचा खर्च वाढला का, हे विचारण्याची सोय मात्र वापरणाऱ्याला नाही, आणि हे काम व्हेरिसाइनकडेच पुन्हा जाते, त्यासाठी निविदा निघत नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी आयकॅनवरची अमेरिकन सरकारची देखरेख संपली, इंटरनेट जगाचे झाले, असे आपण वाचले होते. नावांच्या यादीपुरते ते खरे आहे. पण ‘डॉट कॉम’च्या दराची मर्यादा अजून वॉशिंग्टनमध्येच ठरते, आणि इचलकरंजीचा कापडवाला किंवा हुपरीचा चांदीचा कारागीर तिथे मत द्यायला जाऊ शकत नाही.

वापरणाऱ्यांनी आवाज उठवला की काही होत नाही असे मात्र मुळीच नाही. ‘डॉट ऑर्ग’ हा शेवट प्रामुख्याने सेवाभावी संस्था वापरतात. त्याच्या दरावरची मर्यादा २०१९च्या मध्यात उठवण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, इंटरनेट सोसायटीने त्याची रजिस्ट्री एथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकण्याचे ठरवले. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आयकॅनला पत्र लिहिले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने या व्यवहाराला संमती नाकारली. आपल्याकडच्या वाचनालयांनी, वसतिगृहांनी आणि विश्वस्त संस्थांनीही हा शेवट घेतलेला असतो. आपल्या पत्त्याचा मालक बदलण्याच्या बेतात होता हे त्यांपैकी कितींना त्या वेळी समजले असेल, याचा विचार मनात येतो.

‘डॉट कॉम’च्या बाबतीत आपण फक्त मागणी करू शकतो. ‘डॉट इन’ मात्र आपल्या देशाचे आहे. पूर्वी ते मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते आणि अटी इतक्या कडक होत्या की नावे काही हजारांच्या पुढे गेली नाहीत. २००५ पासून ते निक्सी या ना-नफा कंपनीकडे आले, सर्वांना खुले झाले आणि आता तीस लाखांच्या पुढे गेले आहे. त्याचे तांत्रिक काम निक्सी निविदा काढून देते, आणि २०१८ मध्ये त्यातून ठेकेदार बदललाही होता; ‘डॉट कॉम’पेक्षा ही पद्धत सरस आहे हे मी मोकळेपणाने मान्य करते. म्हणूनच माझी मागणी निक्सीकडे आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे.

शाहूपुरीच्या गुळाच्या बाजारात माझे माहेर आहे. लहानपणी वडिलांच्या हातात सौदा झाल्यावरची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, मी पाहिलेली आहे. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, आणि मग त्याखाली हमाली, तोलाई अशी एकेक ओळ आणि ओळीपुढे रक्कम. शेतकरी कमी शिकलेला असला तरी बोट ठेवून विचारू शकत असे की, ही ओळ कशाची? पट्टीमुळे अन्याय अजिबात होत नाही असे मी म्हणत नाही, पण प्रश्न विचारायला जागा असते. डोमेनच्या बिलावर तशाच ओळी हव्यात. रजिस्ट्रीला किती गेले, विक्रेत्याचे किती, कर किती; आणि त्याखाली ठळक अक्षरांत, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतील आणि मुदत चुकल्यास सोडवून घेण्याला किती. आयकॅनच्या नियमात सार्वत्रिक नावांसाठी ही शेवटची दोन शुल्के ग्राहकाला कळतील अशी ठेवण्याचे बंधन विक्रेत्यांवर आहे, पण ती प्रत्यक्षात कुठेतरी आतल्या पानावर सापडतात आणि १९९ चा आकडा पहिल्या पानावर चमकतो. १९९ चे बाराशे होणार हे आधी सांगितले असते, तरी आम्ही नाव घेतलेच असते. राग रकमेचा नाही, ती लपवण्याचा आहे.

यासाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. किंमत तुकड्या-तुकड्याने उघड करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, वर्गणीतून बाहेर पडणे अवघड करून ठेवणे, हे तिन्ही प्रकार त्यात आहेत. नाव घेताना ज्यांनी ‘मेलबॉक्स’, ‘सुरक्षा’, ‘गोपनीयता’ अशा आपोआप खूण झालेल्या चौकटी एकेक करून काढल्या असतील, त्यांना वेगळे सांगायला नको. या सूचना डोमेन विक्रेत्यांना लागू करून दोन-चार प्रकरणांत कारवाई झाली तरी पुष्कळ फरक पडेल.

ताब्याचा प्रश्न शुल्काहूनही नाजूक आहे. ‘डॉट इन’ची नोंदणी करताना नोंदणीदाराच्या रकान्यात ज्याचा धंदा त्याचेच नाव असेल, आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊन तो स्वतः ‘हो’ म्हणेपर्यंत नोंदणी पक्की होणार नाही, एवढी एकच पायरी निक्सीने विक्रेत्यांवर सक्तीची करावी. वेबसाइट करून देणाऱ्याला तांत्रिक संपर्काच्या रकान्यात जागा असतेच. मुदतीची सूचना ई-मेलबरोबर मोबाइलवर मराठीतही यावी. कारागीर रोज ई-मेल उघडत नाही, मोबाइल मात्र हातातच असतो.

नाव गेल्यावर दाद मागता येते, हे मी नाकारत नाही. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवेच्या खटल्यात दिला आहे. पण ‘डॉट कॉम’च्या वादासाठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जायचे तर एका पंचाचे शुल्कच १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. त्यातही नोंदलेले किंवा सिद्ध करता येणारे व्यापारचिन्ह लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्हे त्यात आले, पण नुसत्या मानांकनाच्या जोरावर त्या प्रक्रियेत नाव परत मिळत नाही. ज्या मालाच्या नावाला कायद्याने कुंपण घातले, त्याच नावाचे इंटरनेटवरचे पत्ते ‘आधी येईल त्याला’ या नियमाने कोणीही घेऊ शकतो. त्यात रोमन लिपीत आपल्या शब्दांची स्पेलिंगे चार-चार प्रकारांनी होतात. ‘चप्पल’ला पी एक की दोन, ‘कोल्हापूर’ला ओ दोन की यू एक, असा विचार करत सावध व्यापारी एकाऐवजी चार नावे घेतो आणि चार भाडी भरतो. देवनागरीत ‘डॉट भारत’ हा शेवट ऑगस्ट २०१४ पासून मराठीसाठी उपलब्ध आहे, पण तसा पत्ता किंवा त्यावरचा ई-मेल कित्येक ऑनलाइन अर्ज अजून स्वीकारतच नाहीत. किमान राज्य सरकारच्या प्रत्येक अर्जाने तो स्वीकारला पाहिजे. मराठी पाट्यांचा आग्रह आपण धरतो, तितकाच याचाही धरायला हवा.

शेवटी एक सूचना आमच्या धंद्यापुरती. बँकांसाठी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे नोंदणी देऊन रिझर्व्ह बँकेने जे केले, त्याचे छोटे रूप चपलांसाठी करता येईल. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांपैकी एक आपल्या राज्याचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. महामंडळाने एक नाव घ्यावे आणि मानांकनाच्या नोंदणीत असलेल्या प्रत्येक कारागिराला त्याखाली स्वतःचा उपपत्ता, म्हणजे त्याच नावाच्या आधी कारागिराचे नाव जोडून होणारा पत्ता, द्यावा. एका नावाखाली कितीही उपपत्ते काढले तरी रजिस्ट्रीला जास्तीचे भाडे द्यावे लागत नाही, त्यामुळे कारागिराला तो विनाशुल्क देता येईल, आणि गिऱ्हाइकालाही पत्त्यावरून कळेल की माल अस्सल आहे. मात्र यात किल्ली महामंडळाकडे राहते, म्हणून अटी आधी लेखी ठराव्यात. लेखी कारण दिल्याशिवाय आणि कारागिराचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाचाही उपपत्ता बंद करू नये, आणि कोणी स्वतःच्या वेगळ्या नावावर गेला तर जुन्या पत्त्यावर येणारे गिऱ्हाईक निदान दोन वर्षे त्याच्या नव्या पत्त्यावर पाठवले जावे. आमच्या अनुभवाने चांगली कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल नीट वापरली तर तेवढी टिकते, आणि तोपर्यंत टाचेखालचा ठसाही टिकतो.

आपली,
एक चप्पल व्यावसायिक
सुभाषनगर, कोल्हापूर